नवा गडी, जुनी जखम

‘नवा गडी, नवं राज्य’ ही म्हण आपण फार उत्साहात वापरतो. ऑफिसात नवीन बॉस आला, घरात नवीन सून आली, सरकार बदललं, की लगेच नवा गडी, नवं राज्य! पण लहानपणीचा लपंडाव आठवून बघा. तिथे राज्य मिळत नाही, राज्य ‘येतं’. बाकीचे सगळे लपतात आणि ज्याच्यावर राज्य, तो बिचारा भिंतीकडे तोंड करून आकडे मोजत उभा. नव्या गड्याच्या वाट्याला येतं ते हे राज्य. माणसं लपलेली असतात, आणि एकेकाला शोधून बाहेर काढायचं असतं.

माझा हा सिद्धांत पक्का झाला तो चक्क अमेरिकन फुटबॉलमुळे. हसू नका. मी मूळची नाशिकची, क्रिकेटवर वाढलेली. अमेरिकेत एमएस करायला आले तेव्हा या खेळाबद्दल माझं मत अगदी आपल्या सगळ्यांचं असतं तेच होतं. नाव फुटबॉल आणि खेळायचा हातांनी! दहा सेकंद खेळतात, मग मिनिटभर थांबतात. बाबा तर एकदा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागचा टीव्ही बघून म्हणाले होते, ‘‘अगं, हे सारखे मीटिंग का घेतात मधेमधे?’’

तर थोडक्यात सांगते. लंबगोल चेंडू, दोन्हीकडे अकरा-अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. दर वेळी चेंडू पहिल्यांदा येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. त्याच्याजवळ असतात जेमतेम तीन सेकंद. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येतायत आणि त्याने तेवढ्यात ठरवायचं, की फेकायचा, कुणाकडे, की स्वतःच घेऊन पळायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅप्टन, ओपनर आणि शेवटच्या ओव्हरचा फिनिशर, सगळं एकाच माणसात. आणि कॉलेजातून नुकताच लीगमध्ये आलेला, पहिल्या वर्षाचा खेळाडू म्हणजे ‘रुकी’. अख्खी टीम त्या एका पोराच्या खांद्यावर टाकायची, म्हणजे विचार करा!

माझा रुकी म्हणजे जेडन डॅनियल्स. वॉशिंग्टन कमांडर्सने एप्रिल २०२४मध्ये त्याला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर उचललं. ड्राफ्ट ही इथली गंमतच आहे. साधारणपणे जी टीम आधीच्या वर्षी जास्त वाईट खेळली, तिला कॉलेजातला हिरा आधी निवडायचा हक्क. वॉशिंग्टनने २०२३मध्ये सतरापैकी तेरा मॅच हरून हा हक्क कमावला होता! डॅनियल्स तेवीस वर्षांचा. कॉलेज फुटबॉलमधली सगळ्यात मानाची हाइझमन ट्रॉफी जिंकून आलेला. चार वर्षांचा करार, साधारण पावणेचार कोटी डॉलर. माझा पगार मी सांगत नाही.

मी सांगत नाही, कारण त्याच उन्हाळ्यात मीही रुकी होते. व्हर्जिनियात ॲशबर्न नावाचं गाव आहे. इंटरनेटचा केवढा तरी मोठा हिस्सा तिथल्या खिडक्या नसलेल्या अवाढव्य इमारतींमधून वाहतो. वॉशिंग्टनच्या टीमचं मुख्य ऑफिस आणि प्रॅक्टिसची मैदानंही ॲशबर्नलाच आहेत. म्हणजे मी जून २०२४मध्ये ज्या गावातल्या डेटा सेंटरमध्ये जॉईन झाले, त्याच गावात हा मुलगा आपली पहिली नोकरी सुरू करत होता. आमची शिफ्ट सकाळी सहाची. पहाटेच्या अंधारात, थर्मासमधला चहा सांभाळत गाडी हाकायची. त्याच्याबद्दल ऐकलं होतं की तोही उजाडायच्या आत येऊन दाखल होतो आणि बाकीचे यायच्या आधी दिवसाचे सगळे डाव चालून बघतो. खरं सांगू? ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं. पावणेचार कोटी डॉलरवाल्यालाही पहाटे उठावं लागतं!

आमचा शिफ्ट लीड मात्र असल्या गोष्टींनी विरघळणारा नव्हता. पन्नाशी ओलांडलेला, मेरीलँडमध्ये वाढलेला. वडिलांचा हात धरून जुन्या आरएफके स्टेडियमवर जाणारा. १९८८ साली डग विल्यम्सने वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून दिला तेव्हा हा शाळेत होता. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक! त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना रडताना बघितलं, असं त्याने एकदा, सर्व्हरचे पंखे घोंघावत असताना, माझ्याकडे न बघता सांगितलं होतं.

मग पुढे? पुढे काही नाही. टीमने १९९२च्या जानेवारीत आणखी एक सुपर बोल जिंकला, आणि त्यानंतर जवळजवळ सगळा उताराच. मालक बदलला, स्टेडियम गावाबाहेर गेलं, कोच आले नि गेले, टीमचं नावसुद्धा दोनदा बदललं. २०२३मध्ये आधीच्या मालकाने सहाशे कोटी डॉलरहून जास्त घेऊन टीम विकली, तेव्हा इथल्या लोकांनी म्हणे एखादा कप जिंकल्यासारखा आनंद केला. लीडचा मुलगा अकरा वर्षांचा. त्याच्या जन्मापासून टीमने प्लेऑफची एकही मॅच जिंकलेली नव्हती. शेवटची जिंकली होती ती जानेवारी २००६मध्ये. ‘‘मी पोराला वारसा काय देतोय, तर पराभव,’’ असं म्हणून लीड हसायचा. पण ते हसू काही खरं नव्हतं.

आणि सगळ्यात खोल जखम वेगळीच होती. २०१२मध्येही वॉशिंग्टनने असाच एक क्वार्टरबॅक आणला होता, रॉबर्ट ग्रिफिन. सगळे त्याला ‘आरजीथ्री’ म्हणायचे. तोही दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. तोही हाइझमनवाला. तोही हरणासारखा पळणारा. त्याला मिळवण्यासाठी टीमने पहिल्या फेरीतल्या तीन संधी मोजल्या होत्या. पहिल्याच वर्षी त्याने डिव्हिजन जिंकून दिली, वर्षातल्या सर्वोत्तम नव्या खेळाडूचा मान मिळवला, शहर वेडं झालं. आणि ६ जानेवारी २०१३ला घरच्या मैदानावर, सिएटलविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, आधीच दुखऱ्या गुडघ्यावर तो खेळत राहिला... आणि गुडघा गेला. पुढे तो पूर्वीचा ग्रिफिन कधीच झाला नाही. २०१६मध्ये टीमने त्याला सोडून दिलं. लीडने त्याची दहा नंबरची जर्सी घेतली होती. ती घडी घालून कपाटात तळाशी गेली, ती गेलीच.

म्हणून २०२४च्या उन्हाळ्यात सगळं ॲशबर्न पाच नंबरच्या जर्सीत फिरायला लागलं तेव्हा लीड डॅनियल्सचं नावसुद्धा घेत नव्हता. ‘‘तो पोरगा’’ म्हणायचा. ‘‘जीव लावू नकोस,’’ असा मला सल्ला. गंमत म्हणजे मलाही तो पहिले दोन महिने ‘‘नवीन मुलगी’’च म्हणत होता. रॅकला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. माझ्या आधीचे दोघं नवीन वर्षभरात सोडून गेले होते म्हणे. म्हणजे माणूस दुष्ट नव्हता. दोनदा शिकवून दमला होता, इतकंच.

डॅनियल्सने या लोकांना कसं जिंकलं, याचं उत्तर मला वाटतं पहिल्याच काही आठवड्यांत होतं. पहिली मॅच हरला. दुसरी जिंकला, पण टीमने एकही टचडाउन केला नाही, किकरने सात फील्ड गोल मारले म्हणून निभावलं. असल्या वेळी नवे हिरो गडबडतात, काहीतरी भव्य करायला जातात. हा जागेवर शांत. मग २३ सप्टेंबरला सिनसिनाटीमध्ये सोमवार रात्रीची मॅच. अख्खा देश बघतोय. याने २३ पास फेकले, त्यातले २१ पोचले! एका मॅचमध्ये एवढी अचूकता कुठल्याच रुकीने दाखवली नव्हती. मंगळवारी सकाळी लीडने कॉफी ओतताना एवढंच म्हटलं, ‘‘पोरगा घाई करत नाही.’’

मैदानाबाहेर तर हा मुलगा जवळजवळ कंटाळवाणाच! भांडणं नाहीत, मिरवणं नाही, मोठमोठी वाक्यं नाहीत. कॉलेजात असताना तो व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावून खऱ्या खेळापेक्षा जास्त वेगाने डाव बघायचा सराव करायचा, म्हणजे प्रत्यक्ष मैदानावर सगळं संथ वाटावं! मॅच संपली की माईकसमोर येऊन पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांचं कौतुक करणार, कोचचं करणार आणि निघून जाणार. त्याला मिळालेला पाच नंबर आधी टीमचा जुना पंटर ट्रेस वे याचा होता. त्याने तो या मुलाला दिला आणि स्वतः घेतला कुठला? दहा! ग्रिफिनचा दहा. लीडने ही बातमी मला तीनदा सांगितली. नशीब कधीकधी विनोद करतं, पण हसायचं की नाही ते कळत नाही.

आणि मग आली २७ ऑक्टोबरची संध्याकाळ. इथे रविवार, तिकडे भारतात वसुबारसेची पहाट होत आलेली. आम्ही सात-आठ मराठी मंडळी एका मैत्रिणीच्या घरी फराळ करायला जमलो होतो. चकलीचा सोऱ्या फिरतोय आणि हॉलमध्ये मॅच चालू. समोर शिकागो, म्हणजे ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला कॅलेब विल्यम्स, जो वाढला वॉशिंग्टनच्याच परिसरात. डॅनियल्सची बरगडी आदल्या आठवड्यात दुखावलेली, खेळेल की नाही अशी शंका. शेवटची २५ सेकंदं उरली असताना शिकागोने टचडाउन करून १५-१२ अशी आघाडी घेतली. मैत्रिणीच्या नवऱ्याने हताश होऊन रिमोट उचललाच होता. दोन सेकंदं उरली. शेवटचा डाव.

याला इथे ‘हेल मेरी’ म्हणतात. म्हणजे आता आपल्या हातात काही नाही, मेरी मातेचं नाव घ्यायचं आणि चेंडू भिरकावून द्यायचा. डॅनियल्स डावीकडे पळाला, उजवीकडे पळाला, परत फिरला. बारा सेकंदांहून जास्त वेळ हा दुखऱ्या बरगडीचा मुलगा माणसं चुकवत राहिला! मग फेकला. ५२ यार्डांचा तो पास म्हणजे हवेत एक छोटासा ठिपका. खाली दोन्ही टीमचे गडी एकमेकांवर उड्या मारताहेत, कुणाचा तरी हात लागून चेंडू मागे उडाला, आणि तिथे नोआ ब्राऊन एकटाच उभा होता. त्याने तो अलगद झेलला. १८-१५!

आमच्या चकल्या जळल्या. नाशिकला पहाटे फोन केला तर आई घाबरून म्हणाली, ‘‘काय झालं गं?’’ मी ओरडतेय, ‘‘जिंकलो!’’ आई म्हणाली, ‘‘कोण?’’ आणि मी क्षणभर थांबले. कारण मी ‘ते जिंकले’ असं म्हटलं नव्हतं. ‘जिंकलो’ म्हटलं होतं. या देशात दोन वर्षं राहून तोवर कुठल्याच वाक्यात मी ‘आम्ही’ म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लीडने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. माझ्या नावाची त्याने पार वाट लावली, पण मारली. आणि म्हणाला, ‘‘डॅनियल्सचं बघितलंस ना?’’ पोरगा नव्हे. डॅनियल्स!

पण मंडळी, चमत्काराने माणसं वेडी होतात, विश्वास टाकत नाहीत. विश्वासाची खरी परीक्षा नोव्हेंबरात होती. ओळीने तीन मॅच हरले, त्यातली एक तर पिट्सबर्गविरुद्ध फक्त एका गुणाने. ऑफिसात सगळे ‘‘झालं, सुरू झालं’’ म्हणायला लागले. जुनी जखम असलेला माणूस जिंकताना सांभाळून असतो, आणि हरायला लागला की जवळजवळ सुटकेचा श्वास टाकतो. ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ पण डॅनियल्स त्याच वेळी, त्याच अंधारात येत राहिला. मग ओळीने पाच मॅच जिंकले. त्यातली एक फिलाडेल्फियाविरुद्ध, सहा सेकंदं उरली असताना फेकलेल्या टचडाउनवर. त्या दिवशीचा त्याचा पाचवा! चार विजयांची टीम एका वर्षात बारा विजयांवर पोचली. धावून काढलेले ८९१ यार्ड हा रुकी क्वार्टरबॅकचा नवा विक्रम झाला. आधीचा कुणाचा होता सांगू? ग्रिफिनचा.

१२ जानेवारी २०२५ला टँपामध्ये प्लेऑफ. वेळ संपता संपता मारलेली किक गोलपोस्टच्या खांबावर आदळली आणि आत पडली. २३-२०. एकोणीस वर्षांनी प्लेऑफमधला विजय! लीडने नंतर सांगितलं, की त्याचा मुलगा उड्या मारत होता आणि हा सोफ्यावर बसून रडत होता. मुलाने विचारलं, ‘‘बाबा, आपण जिंकलो ना? मग?’’ याला काही सांगता आलं नाही. मला वाटतं, त्या घरात आता हेच चालत आलंय. पोरं वडिलांना रडताना बघतात आणि मोठी होतात. पुढच्या आठवड्यात सतरापैकी पंधरा मॅच जिंकलेल्या डेट्रॉइटला त्यांच्याच घरात ४५-३१ हरवलं. मग फिलाडेल्फियाने ५५-२३ असं धुतलं आणि सुपर बोलचं दार बंद झालं. वर्षाचा सर्वोत्तम रुकी क्रिकेटच्या भाषेत एकतर्फीच ठरला, पन्नासपैकी एकोणपन्नास पहिल्या पसंतीची मतं.

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण खऱ्या गोष्टी रुकी वर्षानंतर सुरू होतात.

मार्च २०२५मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या लॉटरीत माझा नंबर लागला नाही. वर्षभर पहाटे उठून केलेलं काम एकीकडे आणि कॉम्प्युटरने काढलेली चिठ्ठी एकीकडे. रडले वगैरे नाही, पण गादी विकत घ्यायचं पुढे ढकललं. इथे राहायचं की नाही माहीत नसलं की माणूस साधी गादीही घेत नाही, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. लीडला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘पुढच्या महिन्यात नवा रॅक लावायचाय. तो तू लाव.’’ बस्स. सांत्वन नाही, सल्ला नाही. जाईल की राहील ते माहीत नसलेल्या पोरीला त्याने जबाबदारीचं काम दिलं. दोनदा शिकवून दमलेल्या माणसाने तिसऱ्यांदा शिकवलं.

डॅनियल्सचं २०२५चं वर्ष तर दुखापतींनीच खाल्लं. आधी गुडघा, मग मांडीचा स्नायू. २ नोव्हेंबरच्या रात्री सिएटलविरुद्ध मॅच केव्हाच हातातून गेली होती, तरी तो मैदानावर होता, आणि त्याचा डावा कोपर निखळला. कोचने दोष स्वतःकडे घेतला. पण इथल्या प्रत्येक जुन्या माणसाच्या मनात त्या क्षणी एकच तारीख आली असणार. तीच टीम, तेच मैदान, समोर तेच सिएटल, आणि जमिनीवर पडलेला तसाच एक मुलगा. डिसेंबरात तो परतला तर तोच कोपर पुन्हा दुखावला आणि उरलेल्या सीझनभर त्याला बाहेरच बसवलं. टीम पुन्हा हरायला लागली होतीच.

मला भीती वाटली ती लीडची. हा माणूस आता पुन्हा बंद होणार. पाच नंबरची जर्सी कपाटाच्या तळाशी, दहा नंबरच्या शेजारी जाऊन पडणार.

तसं झालं नाही. फॅन म्हणजे फक्त जिंकताना नाचणारे लोक, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, नव्या गड्याने जुन्या लोकांना जिंकून घेतलं म्हणजे काय झालं, हे तो जिंकत असताना कळतच नाही. ते कळतं तो पडल्यावर. ग्रिफिन पडला तेव्हा हे शहर स्वतःसाठी रडलं होतं, आपलं स्वप्न मोडलं म्हणून. या वेळी ॲशबर्नच्या कॉफी शॉपमध्ये, पेट्रोल पंपावर, आमच्या लंच टेबलवर लोक विचारत होते ते त्या मुलाच्या कोपराचं. दुखतंय का, नीट बरा होईल ना, घाई तर करणार नाहीत ना. हा फरक पासेसच्या आकड्यांनी पडत नाही. तो पडतो वर्षभर त्याच वेळी, त्याच शांतपणे येत राहिल्याने.

डिसेंबरात ती बातमी आली त्या आठवड्यात लीड पाच नंबरची जर्सी पिशवीत कोंबून घरी न्यायला निघाला होता. मी न राहवून विचारलंच, ‘‘कपाटात टाकणार?’’

‘‘नाही गं,’’ तो म्हणाला, ‘‘धुवायला. कॉफी सांडलीय.’’